बांबू दारात आहे, मग धनुष्य काहून नाही?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पत्रात एका गुरुजींनी लिहिलं होतं की तिरंदाजी आता पैसेवाल्यांचाच खेळ झाला, एकेक धनुष्य लाखाच्या घरात, खेड्यातल्या पोट्ट्यांनी उगाच स्वप्नं पाहू नये. गुरुजींचं अर्धं खरं आहे. आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ ला बर्लिनमधे वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली, फायनलला १५० पैकी १५०, मग त्याच वर्षी हांगझोउच्या एशियन गेम्समधे तीन गोल्ड, त्यातल्या टीमच्या गोल्डमधे बुलढाण्याचा प्रथमेश जावकर सोबत होता, अन हे सगळं कंपाउंड धनुष्यावर. त्याला दोन्ही टोकाला चाकं असतात, केबल असते, नेम धरायला भिंगाची साईट असते, ते काही आपल्या अंगणात बनत नाही, मान्य. पण कोणतंही पोरगं एकदम तिथून सुरू करत नाही नं साहेब. शाळेच्या स्पर्धांमधे इंडियन राउंड म्हणून प्रकार आहे तो साध्या लाकडी नाहीतर बांबूच्या धनुष्यावर खेळतात, ना साईट ना चाकं. ते धनुष्य घरी बनते. चांगलं बनते. मी बनवलं म्हणून सांगतो.

मी मूल तालुक्यात सुतारकाम करतो, दारं-चौकटी, पलंग, सीझनला वखर-डवऱ्याचे दांडे. पोरगी आठवीत आहे, शाळेतून तिरंदाजीचं वेड घेऊन आली अन मागेच लागली, बाबा तुम्ही सगळं बनवता तर हे काहून नाही. मी पण मोबाईलवर व्हिडिओ पाहू पाहू थोडं शिकलो, थोडं आपल्या धंद्याचं डोकं लावलं. अडचण पैशाची आलीच नाही, सगळं मिळून दोन हजाराच्या आत बसलं. अडचण आली ती ही की मराठीत कोणी सांगणारं नाही. सगळे व्हिडिओ इंग्रजीत, त्यांची लाकडं वेगळी, त्यांचे गोंद वेगळे, त्यांची हवा तर आपल्यापेक्षा वेगळीच. म्हणून म्हटलं तुमच्या पेपरमधून चार लोकांपर्यंत जाऊ द्या.

मी बनवलं ते लॅमिनेटेड धनुष्य. आता लॅमिनेटेड म्हणजे काय तर एका जाड लाकडाच्या ऐवजी पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. धनुष्य ओढलं की बाहेरची बाजू, जिला पाठ म्हणतात, ती ताणली जाते अन आपल्याकडची बाजू, पोट, ती दाबली जाते, मधल्या भागाला फार काही करावं लागत नाही. मग पाठीला ताण सोसणारं लावा, पोटाला दाब सोसणारं लावा, मधे हलकं सरळ काहीही चालते. कंपनीच्या धनुष्यात दोन्हीकडून फायबर ग्लासची पट्टी असते, बहुतेक सगळा जोर तीच घेते. आपल्याकडे बांबू आहे. बांबूचे सगळ्यात मजबूत धागे सालीच्या लगत बाहेरच्या बाजूला दाटलेले असतात, म्हणजे निसर्गानेच पाठ बनवून ठेवली. जपानी लोक शेकडो वर्षांपासून बांबू अन लाकूड चिकटवून दोन मीटरच्या वरचं धनुष्य बनवत आले, त्यामुळे हे काही माझं डोकं नाही.

माझ्या धनुष्यात पाठीला बांबू, मधे साग, पोटाला धामण. धामण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कुऱ्हाडीचा दांडा, कावडीची काठी याच लाकडाची करायचे कारण ते वाकते पण मोडत नाही, अन जुन्या काळी धनुष्याला पण हेच वापरायचे. माझ्याकडे मोडक्या बंडीचा धामणाचा तुकडा पडून होता, वर्षानुवर्षं सुकलेला, खिळ्याची भोकं सोडून सरळ रेघेचा जेवढा भाग निघाला तेवढा घेतला. रेघ सरळ पाहिजे, हे फार महत्त्वाचं. लाकडाचा धागा पट्टीच्या कडेतून बाहेर पळत असला तर तिथूनच चीर जाणार, मग लाकूड किती का भारी असो.

बांबूसाठी बुरडकाकांकडे गेलो. आमच्या इकडे कटांग अन मानवेल दोन्ही मिळतात, कटांग जाड अन मोठ्या घेराचा, त्याची पट्टी रुंद अन सपाट निघते, मानवेल भरीव असतो, लाठीला उत्तम पण घेर लहान म्हणून पट्टीला गोलाई जास्त येते. काका म्हणे कोवळा घेऊ नको, तीन वर्षं झालेला घे अन हिवाळ्यात तोडलेलाच घे, पावसाळ्यात तोडला तर त्यात गोडी असते मग भुंगा लागते अन घरात पिवळा भुगा पडत राहते. बरोबर आहे ते, बांबूतल्या स्टार्चलाच किडा येते. त्यांनी कोयत्याने एका फटक्यात उभा चिरून दिला, मी करवतीने कापला असता तर कधीच धाग्याला धरून निघाला नसता. मग आतली बाजू रंध्याने सपाट केली, बाहेरच्या सालीला मात्र रंधा लावायचाच नाही, वरचा हिरवा मेणचट थर नुसता काचेच्या तुकड्याने खरडून काढायचा, अन पेरावर जी गाठ असते ती पण सपाट करायच्या भानगडीत पडायचं नाही. तिथले धागे कापले की पाठ तिथूनच उचलते.

जाडीचा हिशोब सुतारांनी नीट समजून घ्यावा, कारण आपल्याला पलंगाच्या पाटीची सवय असते, एखाद मिलीमीटर इकडेतिकडे चालते. इथे नाही चालत. पट्टीची रुंदी कमी केली तर ताकद त्याच हिशोबाने कमी होते, पण जाडीचं तसं नाही, जाडी तीनदा गुणली जाते, म्हणजे जाडी गुणिले जाडी गुणिले जाडी. बारा मिलीमीटरची पट्टी अकरा केली तर जवळपास चौथा हिस्सा ताकद गेली समजा. म्हणून मुठीकडून टोकाकडे जाडी हळूहळू उतरत गेली पाहिजे, पोरीच्या धनुष्याला मी मुठीजवळ तिन्ही पट्ट्या मिळून बाराएक मिलीमीटर ठेवलं अन टोकाला नऊच्या आसपास, रुंदी तीन सेंटीमीटर, लांबी साडेपाच फूट. ताण, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर, २५ पौंड धरला म्हणजे सव्वा अकरा किलो. मोठ्या माणसाने पण पहिलं धनुष्य हलकंच करावं, चाळीस-पन्नास पौंडाचा शौक मागून.

गोंदाबद्दल जरा जास्त लिहितो कारण सगळा खेळ त्याच्यावर आहे. फर्निचरला वापरतो तो पांढरा गोंद यात नको, सतत ताण अन वरून आपलं ऊन, तो हळूहळू सरकते. दोन ट्यूबवाला इपॉक्सी घ्या, अ‍ॅराल्डाइटचा हळू बसणारा, पाच मिनिटवाला अजिबात नको. पट्ट्यांना जाड पॉलिश पेपर मारून खरखरीत करा, मग सागाला अ‍ॅसिटोनने पुसा कारण सागात तेल असते, ते तेल वर आलं की गोंद धरत नाही, पुसलं की लगेच चिकटवा, चहा प्यायला जाऊ नका. अन एकदम सगळा गोंद वाटीत कालवून ठेवू नका. इपॉक्सी बसताना स्वतःच तापते, वाटीत ढीग असला तर जास्त तापून धूर काढते अन दगड होते, पसरट थाळीत पातळ केला तर वेळ मिळते. आपल्या इकडच्या उन्हाळ्यात हे काम पहाटे पाचला करायचं, दुपारी नाही.

चिकटवायला साचा लागते, म्हणजे जाड फळीची वरची कड धनुष्याच्या आकारात कापलेली, तिच्यावर प्लॅस्टिकची टेप मारून घ्या नाहीतर धनुष्य साच्यालाच चिकटून बसेल. क्लॅम्प माझ्याकडे होते पण पुरले नाही, तर सायकलच्या जुन्या ट्यूब उभ्या चिरून त्याच्या पट्ट्या कचकचून गुंडाळल्या, अन खरं सांगू तर ट्यूबचं काम क्लॅम्पपेक्षा चांगलं झालं, क्लॅम्प एका जागी दाबते अन ट्यूब सगळीकडून सारखा दाब देते. फक्त गोंद सगळा पिळून बाहेर काढू नका, इपॉक्सीला मधे पातळ थर राहिलाच पाहिजे. व्हिडिओवाले लोक नंतर लाकडी पेटीत बल्ब लावून धनुष्य गरम ठेवतात म्हणजे गोंद पक्का होते. आम्हाला चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पेटी कायले पाह्यजे, टिनाच्या शेडमधे आडवं ठेवून दिलं, झालं काम. पण हेच ऊन नंतर वैरी आहे हेही लक्षात ठेवा, बनलेलं धनुष्य बंद गाडीत किंवा टिनाखाली विसरलात तर तोच गोंद मऊ पडून पट्ट्या सुटू शकतात.

मग येते वाक काढायचं काम, इंग्रजीत त्याला टिलरिंग म्हणतात. सगळ्यात जास्त वेळ यालाच लागते अन मजा पण इथेच. भिंतीला एक फळी ठोकली, वर मूठ अडकवायला खाच, खाली पुली, दोरी पुलीतून ओढून दूर उभं राहायचं अन मधे आपला कापूस तोलायचा लटकता काटा लावायचा, म्हणजे किती किलोवर किती इंच आलं ते समजते. मागच्या भिंतीवर खडूने चौकटी आखल्या अन दरवेळी मोबाईलवर फोटो काढला, डोळ्याला जे दिसत नाही ते फोटोत दिसते. जिथे वाकत नाही तिथे पोटाकडून खरडायचं, जिथे जास्त वाकते तिथे हातही लावायचा नाही. थोडं खरडलं की वीस-तीस वेळा हलकं ओढून हळूच सैल करायचं, झटक्यात सोडायचं नाही, तेव्हा कुठे लाकूड नवीन आकार दाखवते, नाहीतर आपण खरडत बसतो अन परिणाम मागून एकदम येते.

याच दिवसात शेजारच्या गावचे एक गोंड आजोबा शेडमधे येऊन बसले. त्यांच्या घरी अजून बांबूचं धनुष्य आहे, एकाच चिरलेल्या बांबूचं, अन दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची. माझ्या पट्ट्या, गोंद, ट्यूब सगळं पाहून म्हणाले, "इतकं कायले करून रायला बापू, बांबू एकटाच पुरते नं." मी म्हटलं बाबा, एकट्याला चांगला तुकडाच सापडत नाही मले, अन एकटा बांबू ओढू ओढू दोरीकडे वाकून बसते, पट्ट्या चिकटवल्या की आकार बराच टिकते. ते काही बोलले नाही, धनुष्य मांडीवर घेतलं, अंगठा मुठीपासून टोकापर्यंत हळू फिरवला, मग गुडघ्याला लावून थोडंसं दाबलं अन वरच्या बाजूला, टोकापासून वीतभर खाली नख मारलं. "हे इथं झोपून रायलं, याले उठव." मी फोटो उघडून पाहिला तर खरंच तेवढाच भाग सरळ होता, फोटोत मला दिसला असून लक्षात आला नव्हता. तिथे खरडलं अन वाक जुळला. अशा माणसाला आपण शाळेत बोलावून दोन तास बसवू शकत नाही का, मानधन द्या, फेटा बांधू नका हवं तर.

बाकी गोष्टी लवकर सांगतो. दोरी डॅक्रॉनची, म्हणजे पॉलिस्टरच्या धाग्याची, ऑनलाईन मागवा, हलक्या धनुष्याला बारा धागे पुरतात, नायलॉनची नको, ती रबरासारखी ताणते. दोरी चढवल्यावर मुठीपासून साडेसहा-सात इंच अंतर राहू द्या. वरून जवसाचं तेल दोन-तीन हात, जवस तर आपल्या घरचाच. पावसाळ्यात लाकूड ओल धरते अन धनुष्य ढिलं पडते म्हणून काम झालं की दोरी उतरवून आडवं टांगून ठेवायचं, कोपऱ्यात उभं टेकवून नाही. निशाण्याला तणसाचे भारे कचकून बांधले की झालं.

अन हे मात्र मोठ्या अक्षरात छापा. बाण न लावता दोरी ओढून कधीच सोडू नये. बाणात जाणारी सगळी ताकद लाकडात परत येते अन धनुष्य फुटते, फार हलका बाण लावला तरी तेच. हिशोब असा की दर पौंडामागे निदान नऊ-दहा ग्रेन वजनाचा बाण, म्हणजे २५ पौंडाला १६ ग्रॅम, सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या. वाक काढताना डोळ्यावर गॉगल पाहिजेच, तोंड सरळ धनुष्यापुढे नको, बांबूची काडी उडाली तर डोळाच जाईल. इपॉक्सीची धूळ नाकात जाऊ देऊ नका अन ओला गोंद हाताला लावू नका. निशाण्याच्या मागे भिंत किंवा बांध पाहिजे, रस्ता नको, गोठा नको.

गावात ज्याने ज्याने धनुष्य पाहिलं त्याने एकच विचारलं, "डुक्कर मारायले बनवलं का भाऊ?" समजू शकतो, धानाच्या बांधीत एका रात्रीत डुकरं काय करून जातात ते पाहिलं की माणसाचं डोकं फिरते, माझं पण फिरते. पण १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आपल्या मनाने शिकार म्हणजे सरळ गुन्हा, अन त्याहून वाईट म्हणजे पोरीच्या २५ पौंडाच्या धनुष्याने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन कोणाच्या तरी अंगावर जाते. डुकराचा प्रश्न सरकारने सोडवावा, नुकसानभरपाई वेळेवर द्यावी, तो धनुष्याच्या गळ्यात घालू नका.

दुसरा प्रश्न, बांबू तोडला तर फॉरेस्टवाले धरतील का. २०१७ ला कायदा बदलला साहेब, जंगलाबाहेर, म्हणजे आपल्या धुऱ्यावर लावलेला बांबू आता झाड धरत नाहीत. जंगलातला मात्र डेपोतून किंवा जिथे ग्रामसभेला हक्क आहे तिथून रीतसर घ्यायचा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २०११ ला स्वतःच्या बांबूचा वाहतूक पास मिळवला तेव्हापासून हे सगळ्यांना माहीत पाह्यजे होतं, पण अजून लोक भितात. साग पण सॉ मिलमधून बिल घेऊनच आणावा.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे राखीपासून फर्निचरपर्यंत शिकवतात, चांगलं काम आहे. त्यात धनुष्य का असू नये? आयटीआयमधे सुतारकामाची पोरं आहेत, त्यांना पलंगासोबत एक धनुष्य करायला लावा, रंधा किती बारीक चालवायचा ते पलंग शिकवणार नाही, धनुष्य शिकवेल. बुरडकाकांना सूप-टोपलीचे जे पैसे मिळतात त्याच्या कितीतरी पट एका धनुष्याच्या पट्टीत मिळू शकतात. अन क्रीडा खात्याने शाळांसाठी इंडियन राउंडची धनुष्यं बाहेरून मागवण्याऐवजी निदान काही इथून घ्यावी.

मी असं म्हणत नाही की कोणीही बनवलेलं लेकराच्या हातात द्या. प्रत्येक धनुष्यावर ताण अन ओढ, म्हणजे दोरी किती इंच ओढायची ते, लिहिलेली असावी, ठरलेल्या ओढीपेक्षा इंचभर जास्त ओढून पाहिलेलं असावं, शंभरेक बाण मोठ्या माणसाने मारून मगच पोरांकडे जावं, अन हे तपासून शिक्का मारणारं कोणीतरी जबाबदार असावं. हेही कबूल की पोरगं चमकलं तर पुढे त्याला कंपनीचं रिकर्व्ह, म्हणजे टोकं उलटी वळलेलं धनुष्य, नाहीतर कंपाउंड लागणारच, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधे तर कंपाउंडची मिक्स टीम पण येणार आहे, तिथे सरकारने अन आपण सगळ्यांनी पैसा लावावा. पण गुरुजींनी जिथे बोट ठेवलं, धनुष्याच्या किमतीवर, ती पहिल्या पायरीची अडचण नाहीच. आमच्या पोरीकडे आता धनुष्य आहे, तणसाचा भारा आहे, रोज संध्याकाळी बाण मारते. तिला उभं कसं राहायचं, खांदा कुठे ठेवायचा, दोरी सोडताना बोटं कशी सैल करायची हे सांगणारा माणूस तालुक्यात नाही. कोच द्या. आठवड्यातून एक दिवस आला तरी चालेल, जेवण आमच्याकडे.

तुमच्या क्रीडा पानावर मेडलची बातमी येते ती यावीच, पण जिल्ह्याच्या शालेय निवड चाचण्या कधी अन कुठे आहेत ते आठ दिवस आधी छापलं तर आमच्यासारख्यांना एसटीची सोय पाहून पोरांना नेता येईल. दरवेळी झाल्यावर समजते.

पत्र लांबलं हे दिसते मला. जागा कमी असली तर देवतळेचं कापा, ते सगळ्यांना माहीत आहे, माझं पोरीचं पण कापा. गोंद अन गॉगलचं तेवढं कापू नका.

आपला,
एक सुतार वाचक,
मूल तालुका, जि. चंद्रपूर